'हॅव'चा अर्थ पाठ करून का उपयोग होत नाही?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात नोकरी, हॅव-हॅज-हॅडचे अर्थ दहादा पाठ करून झाले तरी बोलताना ऐनवेळी गोंधळ होतोच. सोबत ऑफिसला पाठवलेल्या मेलची ओळ पण दिलीत, 'आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज, आय हॅव टेकन लीव्ह यस्टरडे ऑल्सो, आय हॅड गॉन टू डॉक्टर', आणि विचारलंय की यात नक्की काय चुकलं. ही ओळ मी जपून ठेवणार आहे, कारण मराठी माणसाच्या हॅवच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका ओळीत आल्यात. शेवटी ती दुरुस्त करूच, पण आधी त्या चुका येतात कुठून ते बघू, कारण त्या अडाणीपणातून येत नाहीत, त्या तुमच्या चांगल्या मराठीतून येतात. मी २२ वर्षं मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शिकवतोय आणि हे मला पटायलाच पहिली सात-आठ वर्षं गेली.

मूळ गोष्ट ही की मराठीत हॅव नावाचं क्रियापदच नाही. खरंच नाही, शोधून बघा. आपण सगळं 'असणे'वर भागवतो. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति', हिंदीत 'मेरे पास किताब है', रशियन भाषेतसुद्धा 'माझ्यापाशी पुस्तक आहे' अशीच रचना असते, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही. पण इंग्रजीत हा शब्द इतका लागतो की विचारू नका, ऑक्सफर्डने दोनशे कोटींहून जास्त शब्दांचा लिखित मजकूर जमवून मोजणी केली त्यात हॅव सगळ्या शब्दांत नववा आला आणि क्रियापदांत 'बी'च्या, म्हणजे ॲम-इज-आरच्या, खालोखाल दुसरा. जो शब्द तिथे इतका लागतो आणि आपल्याकडे नाहीच, त्याचा 'अर्थ' एका मराठी शब्दात पाठ करून काय होणार?

आता जरा 'मला तीन बहिणी आहेत' हे वाक्य घ्या. यात कर्ता कोण? बहिणी. 'आहेत' हे क्रियापद बहिणींच्या मागे चाललंय, 'मला' बिचारा बाजूला उभा आहे. इंग्रजीत हेच उलटं होतं, माणूस पुढे येऊन कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि बहिणी मागे जातात, 'आय हॅव थ्री सिस्टर्स'. ही खुर्चीची अदलाबदल एकदा डोक्यात बसली ना की अर्धं काम झालं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार, तिने फळ्यावर लिहिलं 'शी हॅव थ्री ब्रदर्स'. मी म्हटलं हॅज हवं, तर म्हणाली, सर, भाऊ तीन आहेत ना, 'आहे' नाही 'आहेत' म्हणतो आपण, मग हॅव नको का? मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. तोवर मी ही चूक 'नियम विसरली' अशी लाल शाईने खोडत होतो, आणि तिने तर मराठीचा नियम अगदी बरोबर लावला होता, फक्त चुकीच्या खुर्चीला. तेव्हापासून मी हॅव-हॅज सांगताना आधी मराठी वाक्यातला कर्ता शोधायला लावतो आणि मग म्हणतो, आता याला उठवा आणि 'मला', 'तिला', 'त्याच्याकडे' मधल्या माणसाला तिथे बसवा, क्रियापद आता त्याचं ऐकेल.

आणि हा 'मला', 'त्याच्याकडे' प्रकार पण बघण्यासारखा आहे. आपण किती बारीक फरक करतो बघा. माझ्याकडे पेन आहे. मला भाऊ आहे, इथे 'माझ्याकडे भाऊ आहे' म्हटलं तर भाऊ चार दिवस राहायला आलाय असं वाटेल. तिच्या नावावर जमीन आहे. माझ्या डोक्यावर कर्ज आहे. त्याच्यात हिंमत आहे. टेबलाला चार पाय आहेत. आमच्या गावात नदी आहे. तिच्या हाताला जखम आहे. मराठीत 'ला', 'कडे', 'वर', 'त' या सगळ्यांची कामं वेगवेगळी आणि आपण ती न शिकता अचूक करतो. इंग्रजी यातला एकही फरक करत नाही, तिथे पेन पण हॅव, भाऊ पण हॅव, कर्ज, हिंमत, पाय, नदी, जखम सगळं हॅव, 'ही हॅज अ लोन', 'ही हॅज करेज', 'अवर व्हिलेज हॅज अ रिव्हर'. म्हणजे या बाबतीत इंग्रजी सोपी आहे हो, आपणच 'डोक्यावर'साठी 'ऑन माय हेड' शोधत बसतो आणि अडखळतो. घरी एक दिवस हाच सराव करा, आजूबाजूला जे जे 'आहे' दिसेल त्यातला माणूस, टेबल, गाव उचलून पुढे बसवायचं आणि हॅव किंवा हॅज लावायचं. टेबलाला पण हॅज लागतं, जिवंत असायची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता 'आय ॲम हॅविंग'. ही चूक काढणारे भरपूर भेटतात, पण कारण सांगणारे कमी. लोक सांगतात की हॅवला कधी आयएनजी लावायचं नाही, आणि मग तो बिचारा इंग्रजी मालिकेत 'वी आर हॅविंग डिनर' ऐकतो आणि पुन्हा गोंधळतो. कारण तिथे ते बरोबर आहे. खरी भानगड अशी की इंग्रजीत हॅव दोन आहेत. एक स्थिती सांगतो, म्हणजे आपला 'आहे'. दुसरा क्रिया सांगतो, म्हणजे आपलं जेवणे, पिणे, आंघोळ करणे, मजा करणे, असलं काहीतरी. स्थितीवाल्याला आयएनजी चालत नाही, क्रियावाल्याला चालतं. आणि तुमच्याकडे मराठी आहे म्हणून हे ओळखायला तुम्हाला व्याकरणाची गरजच नाही. मनातल्या मराठी वाक्यात शेवटी नुसतं 'आहे' येतंय का ते बघा. 'माझ्याकडे गाडी आहे', नुसतं आहे, म्हणून 'आय हॅव अ कार', हॅविंग नाही. 'आम्ही जेवतोय', इथे 'तोय' आलं, म्हणून 'वी आर हॅविंग लंच' चालेल. 'त्याला लॉगिन करायला त्रास होतोय', परत 'तोय', म्हणून 'ही इज हॅविंग ट्रबल लॉगिंग इन' एकदम बरोबर. 'तिला मीटिंग आहे' मात्र 'शी हॅज अ मीटिंग', आणि मीटिंग आत्ता चालू असेल, 'त्यांची मीटिंग चाललीय', तर 'दे आर हॅविंग अ मीटिंग'. दर वेळी शंभर टक्के लागू पडेल असं म्हणत नाही, पण ऑफिसमधल्या रोजच्या वाक्यांत ही कसोटी मला क्वचितच फसलेली दिसली.

क्रियावाल्या हॅवसाठी मराठीत एक छान जोडीदार पण आहे, 'घेणे'. पाहुणे आले की आपण म्हणतो, बसा, चहा घ्या, अजून एक पोळी घ्या. इंग्रजीत 'हॅव अ सीट', 'हॅव सम टी', 'प्लीज हॅव वन मोअर'. आपली मुलं इथे 'टेक टी' म्हणतात कारण घेणे म्हणजे टेक असं पाठ केलेलं असतं, पण खाण्यापिण्याच्या आग्रहात घ्या म्हणजे हॅव. टेक म्हणजे कप उचलून न्या असं काहीसं होतं. औषधाला मात्र टेक, 'टेक युअर मेडिसिन', तिथे आग्रह नसतो, काम असतं.

'हॅव टू'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण यात मी माणूस रडताना पाहिलाय. 'मला जावं लागेल' म्हणजे 'आय हॅव टू गो', हे सोपं, 'लागणे' दिसलं की हॅव टू. 'मला जायचंय' यात जरा जपा, त्यात इच्छा पण असते आणि नाइलाज पण असतो, मराठी ते आवाजावर सोडून देते, इंग्रजीत तुम्हाला ठरवावं लागतं, 'वॉन्ट टू' की 'हॅव टू'. पण खरा घात होतो नकारात. माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागून महिनाच झाला होता, तिला वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, 'यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो.' तिने मनात भाषांतर केलं, तुला उद्या यायचं नाही. नोकरी गेली असं समजून रात्रभर झोपली नाही, सकाळी क्लासला आली ती डोळे सुजवून. वाक्याचा अर्थ एवढाच होता की उद्या नाही आलीस तरी चालेल, सुट्टी होती बहुतेक. लक्षात घ्या, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे 'नाही केलं तरी चालेल, गरज नाही'. 'करायचं नाही' म्हणजे बंदी, त्याला 'मस्ट नॉट' किंवा बोलताना 'कान्ट'. मराठीत 'यायचं नाही' हे दोन शब्द बंदीकडे झुकतात आणि आपण तेच डोन्ट हॅव टूला चिकटवतो. उलट पण होतं, कुणाला 'वायरला हात लावायचा नाही' सांगायचंय आणि तोंडातून 'यू डोन्ट हॅव टू टच द वायर' जातं, म्हणजे लावलास तरी चालेल, फक्त गरज नाही! कारखान्यात काम करणाऱ्यांना मी हे एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावतो.

ऐकताना अजून एक, हे 'हॅव टू' असं स्वच्छ कुणी बोलत नाही, 'हॅफ्टू' आणि 'हॅस्टू' ऐकू येतं. 'शुड हॅव' तर 'शुडव्ह' होतं, इतकं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यातलेही बरेच जण ते चुकून 'शुड ऑफ' असं लिहितात. म्हणून ऐकून समजलं नाही तर स्वतःला कमी समजू नका.

आता सगळ्यात अवघड भाग, 'हॅव टेकन', 'हॅव गॉन' वगैरे. इथे थोडा इतिहास सांगतो, कारण मला स्वतःला हे त्यानेच समजलं. हॅव हा शब्द जर्मनच्या 'हाबेन'चा सख्खा भाऊ, आणि लॅटिनमध्ये असणे-बाळगणे याला 'हाबेरे' आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की हॅव तिथूनच आला, पण भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं लॅटिनच्या 'कापेरे'शी जोडतात, ज्याचा अर्थ पकडणे, ज्यातून कॅप्चर आला. म्हणजे हॅवच्या मुळाशी 'मुठीत धरलंय' अशी कल्पना आहे. फार पूर्वी इंग्रजीत 'आय हॅव द लेटर रिटन' अशा धर्तीची वाक्यं असायची, म्हणजे लिहिलेलं पत्र माझ्याजवळ आहे. हळूहळू शब्दांची जागा बदलली आणि 'आय हॅव रिटन द लेटर' झालं. ही मूठ डोळ्यासमोर ठेवा. पत्र लिहून झालंय आणि ते आत्ता माझ्या हातात आहे, कधी लिहिलं ते महत्त्वाचं नाही. म्हणून हे हॅव भूतकाळाचं नाही, आत्ताचं आहे, आणि म्हणूनच त्याच्यासोबत 'यस्टरडे' बसत नाही. कालचा दिवस मुठीतून गेला.

मग आपण ही चूक का करतो? कारण मराठीत 'मी कालच आलोय' हे शंभर टक्के शुद्ध वाक्य आहे. आलोय मध्ये 'आहे' आहे, काल पण आहे, दोघांचं भांडण नाही. इंग्रजीत ते दोघं एका वाक्यात नांदत नाहीत. 'आय हॅव कम यस्टरडे' नाही, 'आय केम यस्टरडे'. माझी सवय अशी, वाक्य बोलायच्या आधी बघायचं की यात 'कधी?'चं उत्तर आलंय का, आणि ती वेळ संपलेली आहे का. काल, गेल्या महिन्यात, २०१९ मध्ये, सकाळी दहा वाजता, यातलं काही आलं की हॅव काढून टाकायचा आणि साधा भूतकाळ. 'कधी'चं उत्तर नसेल आणि गोष्ट आत्ता उपयोगाची असेल तर हॅव. 'मी फाइल पाठवलीय, बघून घ्या', 'आय हॅव सेंट द फाइल'. 'मी फाइल काल पाठवली', 'आय सेंट द फाइल यस्टरडे'. अमेरिकन लोक बऱ्याचदा पहिल्या जागी पण साधा भूतकाळच वापरतात, 'डिड यू ईट?' म्हणतात जिथे ब्रिटिश 'हॅव यू ईटन?' म्हणतील, तेव्हा अमेरिकन क्लायंटशी बोलताना साधा भूतकाळ वापरलात तर कुणाला खटकणार नाही.

हॅडची गोष्ट याच्याच पुढची. मराठीत 'मी काल मंडईत गेलो होतो' हे किती सहज येतं, त्यात विशेष काही नसतं, नुसती कालची गोष्ट. म्हणून आपण 'आय हॅड गॉन टू द मार्केट' म्हणतो. पण इंग्रजीत हॅड गॉन म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, हं, मग पुढे काय झालं? कारण हॅड गॉन म्हणजे दुसरी एक गोष्ट घडायच्या आधीच मी गेलो होतो. 'तू फोन केलास तेव्हा मी निघालो होतो', 'आय हॅड लेफ्ट व्हेन यू कॉल्ड', हे बरोबर, दोन गोष्टी आहेत आणि त्यातली आधीची हॅडने सांगितलीय. एकच गोष्ट असेल तर 'आय वेंट'. हे एवढं जरी सुधारलं तरी समोरच्याला तुमचं इंग्रजी एकदम वेगळं वाटायला लागतं, मी पैज लावून सांगतो. आणि 'हॅड हॅड' एकत्र दिसलं की घाबरू नका, पहिला हॅड हा मदतनीस, दुसरा हॅड हे खरं क्रियापद, 'शी हॅड हॅड लंच बिफोर वी रीच्ड', आम्ही पोचायच्या आधी ती जेवली होती.

एक प्रकार मुद्दाम सांगतो कारण तो शाळेत जवळपास शिकवतच नाहीत. 'मी केस कापले' असं आपण सर्रास म्हणतो, कापले असतात सलूनवाल्याने. 'आय कट माय हेअर' ऐकून समोरच्याला वाटू शकतं की यानेच आरशासमोर कात्री चालवली. 'आय हॅड माय हेअर कट' असं म्हणतात. मराठीत यासाठी 'करून घेतलं' हे तयार आहे, गाडी दुरुस्त करून घेतली, 'आय हॅड माय बाइक रिपेअर्ड', रक्त तपासून घेतलं, 'आय हॅड माय ब्लड टेस्टेड'. परत तेच 'घेणे' हॅवच्या मदतीला आलं बघा.

आता तुमच्या ओळीकडे येतो. 'आय ॲम हॅविंग फीवर', मनातलं मराठी 'मला ताप आहे', नुसतं आहे, म्हणजे हॅविंग गेलं. पण ताप दोन दिवसांपासून आहे आणि अजून आहे, म्हणजे मूठ अजून मिटलेली आहे, म्हणून 'आय हॅव हॅड'. मराठीत इथे 'आहे' हा वर्तमानकाळच चालतो, 'मी पाच वर्षं इथे राहतोय' पण चालतो, म्हणून आपण 'आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो, तिथे पण 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हवं. सिन्स आणि फॉरचं सांगायचं तर मराठीत दोन्हीला 'पासून' चालतं, सोमवारपासून, दोन दिवसांपासून. इंग्रजीत सुरुवात सांगितली तर सिन्स, 'सिन्स मंडे', मुदत सांगितली तर फॉर, 'फॉर टू डेज'. पुढे 'हॅव टेकन लीव्ह यस्टरडे', यस्टरडे आला, हॅव बाहेर, 'टुक'. आणि 'हॅड गॉन टू डॉक्टर', एकच गोष्ट आहे, म्हणून 'वेंट', शिवाय डॉक्टरच्या आधी 'द'.

म्हणजे मेल असा जाईल: 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज. आय टुक लीव्ह यस्टरडे ॲज वेल. आय वेंट टू द डॉक्टर.' आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं असेल तर पुढे 'आय हॅड माय ब्लड टेस्टेड' जोडा. रिपोर्ट आलाय की नाही ते तुम्हीच इंग्रजीत लिहून खाली टाका, मी बघतो.